पुराण, गोठा आणि पाच शिलिंग दंड

गोव्यात, साळशेतातल्या एका इगर्जीत मुलांची ख्रिस्ती शिकवणी चालली आहे. समोर पोरे, मध्ये पाद्रीगुरू, आणि मागे चार मोठी माणसेही कान देऊन बसलेली. त्यांतला एक ब्राह्मण, आता ख्रिस्ती झालेला, पाद्रीपुढे गाऱ्हाणे मांडतो. तुम्ही शिकवता ते पटते, पण आमची जुनी पुराणे तर तुम्ही बंद करायला लावलीत; मग त्यांच्या तोडीची दुसरी पुराणे आम्हाला का करून देत नाही?

'ख्रिस्तपुराण' या मराठी ग्रंथाला या मागणीपासून तोंड फुटते. प्रसंग घडला तसा लिहिला की कवीने सोयीसाठी रचला, याचा वाद अभ्यासकांनी घालावा. मागणी मात्र अस्सल आहे. देव बदलला तरी संध्याकाळी दिवा लागल्यावर काहीतरी ऐकायची सवय बदललेली नव्हती, आणि ती जागा रिकामी पडली होती.

कवी इंग्रज होता. थॉमस स्टीफन्स, विल्टशरचा, जन्म १५४९ च्या सुमाराचा. इंग्लंडात कॅथलिक राहणे जोखमीचे झाल्यावर तो रोमला जाऊन जेझुइट झाला, १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून जहाजात बसला, ऑक्टोबरात गोव्याला उतरला आणि पुढची चाळीस वर्षे इथेच काढून १६१९ मध्ये इथेच वारला. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून त्याचेच नाव घेतात. त्याचा ग्रंथ १६१६ साली रायतूरला छापला गेला, तोही रोमी लिपीत, कारण देवनागरीचे खिळे छापखान्यात नव्हते. त्याच साली जानेवारीत सर थॉमस रो अजमेरला जहांगीर बादशहापुढे ईस्ट इंडिया कंपनीसाठी सवलती मागायला उभा होता. एक इंग्रज सनद मागत होता, दुसरा ओव्या लिहीत होता. शाळेच्या पुस्तकात पहिल्याचे नाव येते.

जवळपास अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणाचे ३६ 'अवस्वरू' (अध्याय), दुसऱ्याचे ५९. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. स्वर्गाला वैकुंठ म्हणताना या माणसाची लेखणी अडखळत नाही. एकनाथांना जाऊन तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. त्यांच्या काळाची ओवी त्याने मन लावून ऐकली होती, हे कुठलेही पान उघडले तरी कळते. आणि या ओव्यांतूनच मरियेची, योसेफाची, बेथलेहेमातल्या त्या रात्रीची कथा मराठी कानांवर पहिल्यांदा सविस्तर पडली.

नाताळाच्या इतिहासात हा ग्रंथ आधी घ्यायचे कारण असे, की सणाच्या गजबजीत ज्याचा जन्म तोच हरवतो ही तक्रार सणाइतकीच जुनी आहे, आणि तिच्यावर ख्रिस्ती जगाने वेळोवेळी दोन उपाय केले. एक, सणच बंद करणे. दुसरा, जन्माची गोष्ट इतकी जवळ आणून ठेवणे की तिच्याकडे पाठ फिरवता येऊ नये. मराठी ख्रिस्ती समाजाच्या वाट्याला, योगायोग म्हणा, या दोन्ही उपायांचे वारस आले.

आधी नावाविषयी. 'नाताळ' हा पोर्तुगीज 'नाताल', आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला जन्मवाचक शब्द. वास्को द गामा १४९७ च्या डिसेंबरात आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळून चालला होता. नाताळाचा दिवस उजाडला म्हणून त्याने त्या किनाऱ्याला 'नाताल' नाव दिले. गांधीजींनी जिथे वकिली केली ते नाताळ हेच. पाच महिन्यांनी तो कालिकतला पोचला आणि मागोमाग हा शब्दही आपल्या किनाऱ्यावर उतरला. हिंदीत 'बडा दिन' रुळला. मराठीने मात्र जन्म हा अर्थ असलेलाच शब्द घेतला, आणि तो इतका आपलासा केला की नाताळची सुट्टी म्हणताना पोर्तुगीज बोलतोय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

तक्रार किती जुनी? शुभवर्तमाने चार, त्यांतल्या मत्तय आणि लूक या दोघांनीच जन्मकथा सांगितली आहे आणि तारीख दोघांनीही दिलेली नाही. २५ डिसेंबरचा जुन्यातला जुना पक्का पुरावा रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात सापडतो. म्हणजे सण जेमतेम रुजत होता. आणि त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांतच, ३८० च्या सुमाराला, कॉन्स्टँटिनोपलमध्ये नाझियानझसचा ग्रेगरी ख्रिस्तजन्माच्या प्रवचनात लोकांना बजावतो आहे: दारांना तोरणे बांधत बसू नका, नाच, मेजवान्या, अत्तरे, भारी वस्त्रे यांत हा दिवस घालवू नका. बाजाराला दोष देणाऱ्या आजच्या प्रवचनकारांनी हे जरूर वाचावे. तेव्हा ना मॉल होते, ना सवलतीचे फलक.

ग्रेगरीने उपदेश केला. आठशे चाळीस-एक वर्षांनी इटलीतल्या फ्रान्सिसने वेगळी युक्ती काढली. असिसीचा हा संन्यासी १२२३ च्या डिसेंबरात ग्रेच्चो नावाच्या डोंगरातल्या गावी होता. सणाला पंधरा दिवस राहिले असताना त्याने तिथल्या जोव्हान्नी नावाच्या सद्गृहस्थाला बोलावून सांगितले, की बेथलेहेमातल्या बाळाची काय अवस्था झाली असेल ती मला या डोळ्यांनी पाहायची आहे. गव्हाण तयार कर, गवत आण, बैल आणि गाढव बांध. त्या रात्री डोंगरातली माणसे मशाली घेऊन जमली. गव्हाणीवरच मिस्सा (ख्रिस्ती उपासना) झाली. फ्रान्सिस पाद्री नव्हता, धर्माच्या पायरीवर 'डीकन' होता, म्हणून त्याने शुभवर्तमान गाऊन वाचले आणि प्रवचन केले. त्याचे पहिले चरित्र लिहिणारा चेलानोचा थॉमस एक गोड तपशील देतो: 'बेथलेहेम' हा शब्द फ्रान्सिस मेंढीच्या कोकरासारखा लांबवून म्हणायचा आणि म्हणून झाल्यावर ओठांवरून जीभ फिरवायचा, जणू त्या शब्दाची चव घेतोय. गव्हाणीतले गवत लोकांनी जपून ठेवले आणि पुढे आजारी जनावरांना खाऊ घातले.

घरोघरी आणि चर्चच्या ओसरीत दिसणारा नाताळचा गोठा या रात्रीची आठवण आहे. ती रात्र किती साधी होती, हे दिव्यांच्या माळा, कारंजी आणि फिरत्या चक्क्या लावलेला एखादा गोठा पाहताना आठवले की जरा हसू येते.

आता दुसरा उपाय, बंदीचा.

इंग्लंडातल्या प्युरिटन मंडळींना नाताळ मुळातच मान्य नव्हता. शास्त्रात आज्ञा नाही, तारखेला आधार नाही आणि दारू, जुगार, धिंगाणा मात्र भरपूर, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. १६४४ चा २५ डिसेंबर पार्लमेंटच्या मासिक उपवासाच्या बुधवारी आला, तेव्हा सणाऐवजी उपवासच पाळा असे फर्मान निघाले. १६४७ च्या जूनमध्ये नाताळ, ईस्टर हे सणच रद्द करण्यात आले. त्याच वर्षीच्या नाताळात कँटरबरीत लोकांनी दंगल केली, कारण नगरपालांनी दुकाने उघडी ठेवायला लावली होती. १६६० मध्ये राजेशाही परत आली आणि तिच्याबरोबर सणही.

अटलांटिकपलीकडे हेच नाटक आधी छोट्या रंगमंचावर झाले होते. प्लिमथच्या वसाहतीत १६२१ च्या २५ डिसेंबरला गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने नेहमीप्रमाणे सगळ्यांना कामावर बोलावले. नुकत्याच जहाजाने आलेल्या लोकांनी सांगितले, की या दिवशी काम करणे आमच्या सद्सद्विवेकाला पटत नाही. ब्रॅडफर्ड म्हणाला, ठीक, तुम्हाला अधिक समज येईपर्यंत तुम्हाला सूट. दुपारी बाकीचे कामावरून परतले तर ही मंडळी रस्त्यात चेंडू खेळताहेत, कुणी अवजड दांडा फेकण्याची पैज लावली आहे! ब्रॅडफर्डने खेळाचे सामान काढून घेतले आणि सुनावले, की दुसऱ्यांनी राबावे आणि तुम्ही खेळावे हे आता माझ्या सद्सद्विवेकाला पटत नाही. दिवस भक्तीने पाळायचा असेल तर घरात बसून पाळा, रस्त्यात गोंगाट नको. त्याने ही हकिगत स्वतःच लिहून ठेवली आहे आणि ती लिहिताना तो गालातल्या गालात हसत असावा.

मॅसॅच्युसेट्सच्या पुढाऱ्यांना मात्र विनोदबुद्धी कमी होती. तिथे १६५९ साली कायदाच झाला: काम टाकून, मेजवानी करून किंवा आणखी कुठल्या रीतीने नाताळ पाळताना कुणी सापडला तर पाच शिलिंग दंड. कायदा १६८१ मध्ये मागे घेतला गेला, पण कायद्यामागचे मन बदलायला वेळ लागला. नाताळ ही त्या राज्यात सार्वजनिक सुट्टी झाली ती १८५६ मध्ये. स्कॉटलंडातल्या प्रेस्बिटेरियन मंडळींनी तर याहून ताणून धरले. तिथे नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली आली, म्हणजे महाराष्ट्र राज्य होण्याच्या फक्त दोन वर्षे आधी.

आणि इथे गोष्ट पुन्हा आपल्याकडे वळते. मराठी मुलखात प्रॉटेस्टंट धर्म घेऊन आले ते नेमके हेच लोक. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. त्यांना पाठवणारे अमेरिकन बोर्ड १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्सात स्थापन झालेले, प्युरिटनांच्या वारसदारांचे. १८३१ पासून याच अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे अहमदनगरला (आता अहिल्यानगर) बसले. १८२९ मध्ये मुंबईत आलेले डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचे कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर उभे आहे, ते स्कॉटिश. म्हणजे लहानपणी ज्यांच्या घरी नाताळ हा सण म्हणून ठाऊक नव्हता, त्यांनी मराठी माणसाला बेथलेहेमची गोष्ट सांगितली. सण त्यांच्या पेटाऱ्यात नव्हता. फक्त गोष्ट होती.

पण ती गोष्ट मराठीत आली आणि मराठीने तिचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नवा करार मराठीत छापला. त्यानंतर भाषांतरे सुधारत गेली आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायात मराठी वाचकाला आज जे शब्द भेटतात ते घरातले, गोठ्यातले आहेत. मूल जन्मते ते 'बाळंत्यात' गुंडाळले जाते. निजते ते 'गव्हाणीत'. जागा मिळत नाही ती 'उतारशाळेत'. बाळंते म्हटले की जुन्या मऊ लुगड्याचा फाडलेला तुकडा डोळ्यांसमोर येतो, त्याचा वाससुद्धा आठवतो. गव्हाण म्हटली की कडब्याची चिपाडे. इंग्रजी मुलाला हे शब्द कळायला चित्र दाखवावे लागते. नगर जिल्ह्यातल्या पोराला दाखवायचे ते काय?

मेंढपाळांचेही तसेच. रात्री रानात कळप राखत बसलेली माणसे, त्यांना सगळ्यांच्या आधी बातमी कळते. पाऊस सरला की धनगरांचे वाडे मेंढरे घेऊन गावोगाव फिरतात, शेतकरी खतासाठी रानात मेंढरे बसवून घेतो, आणि थंडीत शेकोटीभोवती घोंगडी पांघरून एकजण जागा असतो. डिसेंबरात हे चित्र दख्खनच्या पठारावर खरेच दिसते. बेथलेहेमातल्या त्या रात्रीला टीप जोडायची गरज इथे पडली नाही.

अडचण गाण्यांची होती. इंग्रजी गीते भाषांतरित करून, इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवून ती चर्चमध्ये म्हटली जात. ऱ्हस्वाचे दीर्घ, दीर्घाचे ऱ्हस्व. कानाला दडस लागे. त्यावर पहिला उतारा निघाला तो कीर्तनाचा. १८६० च्या दशकापासून नगर भागात ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली. कृष्णराव सांगळे हे त्यातले मोठे नाव. उभा कीर्तनकार, टाळ-मृदंग, साक्या, दिंड्या, मध्येच विनोद, मध्येच डोळ्यांत पाणी, सगळे तेच. फक्त उत्तररंगात ध्रुव किंवा प्रल्हाद यांच्या जागी उधळ्या पुत्र किंवा बेथलेहेमचे बाळ. चर्चच्या बाकावर न बसणारा माणूस पारावर बसून कीर्तन ऐकत असे. साळशेतातल्या त्या ब्राह्मणाने पाद्रीकडे जे मागितले होते, तेच अडीचशे वर्षांनी नगरकरांनी न मागता मिळवले.

या वाटेवरचा सगळ्यांत मोठा वाटसरू म्हणजे नारायण वामन टिळक. कोकणात १८६१ साली जन्मलेला हा चित्पावन कवी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत ख्रिस्ती झाला आणि नगरला मिशनमध्ये कामाला लागला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. भजने, अभंग, पदे त्यांनी इतकी लिहिली की मराठी प्रॉटेस्टंट मंडळींच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात त्यांचा वाटा आजही सर्वांत ठळक आहे. साहेबी पोशाख, साहेबी चाली आणि साहेबी आश्रय यांतून ख्रिस्त सोडवून आणायचा, हा त्यांचा ध्यास. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले, 'देवाचा दरबार' मांडला आणि दोनच वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, वारले.

जाताना एक काम अर्धे राहिले: 'ख्रिस्तायन'. ख्रिस्ताचे मराठी महाकाव्य. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या त्याच. शाळेत फारशी न गेलेल्या या बाईने नवऱ्याच्या पश्चात काव्याचे अध्यायच्या अध्याय रचले. जुळणी पाहा: सतराव्या शतकातला इंग्रज आपल्या ग्रंथाला पुराण म्हणतो आणि विसाव्या शतकातला कोकणस्थ रामायणाच्या वळणाने ख्रिस्तायन. मध्ये तीनशे वर्षे असूनही दोघांना एकच गोष्ट ठाऊक होती, की मराठी माणूस देवाचे चरित्र ऐकतो तेव्हा ते त्याला गाऊन सांगावे लागते.

याच काळात एक तिसरा नाताळही मराठी मुलखात नांदत होता, आणि त्यात ख्रिस्ताचा संबंध नावापुरताच. तो साहेबाचा नाताळ. कारकून, कंत्राटदार, संस्थानांचे कारभारी साहेबाच्या बंगल्यावर डाली घेऊन जात: फळे, मिठाई, सुका मेवा, फुले, आणि प्रसंगी त्याखाली दडवलेले आणखी काही. लाचेची ही सभ्य वाट बंद करायला सरकारला नियम करावे लागले. बाकीच्यांसाठी नाताळ म्हणजे कचेऱ्या आणि कोर्टे बंद. त्याचा फायदा राजकारणाने घेतला. वकिलांना मोकळीक मिळते म्हणून काँग्रेसची अधिवेशने नाताळच्या आठवड्यात भरत. पहिले अधिवेशन पुण्यात ठरले होते, तिथे पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईला गोकुळदास तेजपाल पाठशाळेत हलवले आणि २८ डिसेंबर १८८५ ला भरवले. येशूच्या जन्मदिवसाची सुट्टी काढून साहेबाच्याच राज्याविरुद्ध ठराव, ही गंमत कुणाच्या नजरेतून सुटली नसावी.

वसईची कहाणी याहून निराळी. तिथे पोर्तुगीज अंमल बसला तो नाताळच्या तोंडावर. गुजरातच्या बहादूरशहाने वसई देऊन टाकणारा तह २३ डिसेंबर १५३४ चा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज निघून गेले. त्यांचे धर्मांतरित शेतकरी, कोळी, वाडवळ, सामवेदी मात्र तिथेच राहिले, ख्रिस्तीच राहिले, आणि आपापली मराठी बोली बोलत राहिले. राज्य गेल्यावर धर्म टिकतो की नाही याची परीक्षा वसईने दिली आहे. कादोडी बोली बोलणाऱ्या कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती, आजीला आपण परका धर्म पाळतो असे कधी वाटलेले नाही.

पण एक चमत्कारिक गोष्ट होती. नाताळच्या मध्यरात्री सगळे गाव देवळात, मिस्सा लॅटिनमध्ये. पोर्तुगीज भाषेत या मिस्सेला 'कोंबड्याची मिस्सा' म्हणतात, पहाटेचा कोंबडा आरवण्याआधीची म्हणून. शब्द कळत नसत, घंटा कळे, धूप कळे, बाळाच्या मूर्तीचे चुंबन घ्यायला लागलेली रांग कळे. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेत उपासनेला वाट मोकळी केली, आणि त्यानंतर मराठी मिस्सा आली. हिशेब केला तर गंमत वाटते: मराठीत ख्रिस्तजन्माचे पुराण १६१६ पासून, आणि वेदीवरून मराठी साडेतीनशे वर्षांनी. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार आधीच मिळाला होता. पुराण आणि मराठी मिस्सा यांच्या मधल्या काळात गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने १६८४ मध्ये लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज शिकावी असा हुकूम काढला होता. १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्यांनंतर 'ख्रिस्तपुराण' गोव्यात पुन्हा छापले गेले नाही. हाताने उतरवलेल्या प्रतींवर ते तगले, आणि १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी ते पुन्हा छापले. देवनागरीत यायला १९५६ उजाडले. ते काम पुण्यात शांताराम बंडेलू यांनी केले.

गोव्यात सणाची खरी मिठास कोन्सुआदीत. नेवऱ्यो, दोदोल, बिबिंका, कुलकुल यांची ताटे शेजारीपाजारी जातात, हिंदू घरांतही, आणि चवथीला तिकडून उलटी येतात. नेवरी म्हणजे आपली करंजीच. तिने धर्म बदलला नाही, फक्त दिवाळीखेरीज आणखी एक सण जोडून घेतला. दारावरचा तारा आणि दारावरचा आकाशकंदील लांबून वेगळे ओळखू येत नाहीत. ग्रेगरीला हे तोरण खपले असते की नाही सांगता येत नाही. पण जी माणसे शेजाऱ्याच्या घरी ताट घेऊन जातात त्यांनी बाळाला विसरले असा आरोप करणे जड जाईल.

आजची कुरकुर वेगळ्या ठिकाणी आहे. चर्चच्या पंचांगात नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे. जांभळी वस्त्रे, पापनिवेदन, वाट पाहणे. वाट पाहायला शिकवण्यासाठी हॅम्बुर्गच्या योहान हिनरिख विखेर्न या पाळकाने १८३९ मध्ये एक साधा खटाटोप केला. तो अनाथ आणि गरीब मुलांचे घर चालवत असे. पोरे रोज विचारून भंडावत, नाताळ कधी? त्याने गाडीचे जुने चाक टांगले, त्यावर रोजच्या लहान लाल मेणबत्त्या आणि रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या लावल्या, आणि रोज एक पेटवत गेला. चर्चमध्ये आज चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे दिसते ते त्या चाकाचे नातवंड.

बाजाराला वाट पाहणे परवडत नाही. डिसेंबर लागला की मुंबई-पुण्याच्या दुकानांत लाल डगल्यातला म्हातारा उभा राहतो. तो मूळचा मायराचा बिशप निकोलस, त्याचा सण ६ डिसेंबरला, म्हणजे ऐन आगमनकाळात. त्याला एका थंड पेयाच्या कंपनीने जन्म दिला ही दंतकथा. अमेरिकन व्यंगचित्रकार थॉमस नॅस्ट १८६३ पासूनच त्याची चित्रे काढत होता. आणि 'एक्समस' लिहिणाऱ्यांनी ख्रिस्त पुसला अशी ओरडही अज्ञानातून होते, कारण त्यातले 'एक्स' हे चिन्ह ग्रीकमधल्या 'ख्रिस्त' शब्दाचे आद्याक्षर आहे. खरा घोटाळा वेळेचा आहे. चर्चचा नाताळ २५ तारखेला सुरू होतो आणि बाजाराचा त्या दिवशी संपतो. २६ डिसेंबरला दुकानातले झाड उतरवून ३१ ची तयारी लागते, तेव्हा गोठ्यातले बाळ एका दिवसाचे असते आणि पूर्वेकडचे मागी लोक, परंपरेतले तीन राजे, अजून वाटेतच असतात.

ते पोचतात ६ जानेवारीला. दक्षिण गोव्यात कासावलीजवळच्या टेकडीवर रेमेदी सायबिणीचे देऊळ आहे. त्या दिवशी कासावली, आरोशी आणि कुयेली या तीन गावांतून एकेक मुलगा राजाचा वेष घालून, डोक्यावर मुकुट ठेवून, घोड्यावर बसून तीन वेगवेगळ्या वाटांनी ही टेकडी चढतो.